राउटरचं नाव दीनानाथ

नवीन पनवेल,
१४ ऑक्टोबर २०२५

श्री. बळीराम भोईर यांना नमस्कार.

आपली ओळख नाही. पनवेलच्या लाइन आळीतल्या एका दुकानदाराने तुमचा पत्ता पिशवीच्या पाठीवर लिहून दिला. तुमचा फोन नंबरही दिला होता, पण फोन उचलण्याची तुम्हाला सवय नसावी. म्हणून हे पत्र.

माझ्याकडे सेतुबंध कंपनीचा राउटर आहे, घरात इंटरनेट पसरवणारी ती दोन शिंगांची पेटी. तो बंद पडला आहे. दुकानदाराने तो उलटा करून पाहिला आणि म्हणाला, "आजी, ह्याची कंपनीच राहिली नाही. टाकून द्या." मी त्याची आजी नाही, हे त्याला सांगितलं. कंपनी गेली म्हणून वस्तू टाकायची असेल तर माझ्या घरातलं निम्मं सामान रस्त्यावर येईल, हेही सांगितलं. त्यानंतर त्याने तुमचं नाव काढलं.

झालं ते असं. माझे यजमान दीनानाथ दसऱ्याला घरातल्या सगळ्या यंत्रांची पूजा करत. मिक्सर, शिलाई मशीन, स्कूटर, कॉम्प्युटर, आणि हा राउटरसुद्धा. मी नन्सच्या शाळेत वाढलेली, मला हे सगळं पोरकट वाटायचं. ते गेल्यानंतर मात्र मीच करते. यंदाची पूजा झाली आणि संध्याकाळी कॉम्प्युटरवर राउटरचं पान उघडलं, तर लाल अक्षरांत सूचना: ह्याचं फर्मवेअर जुनं झालं आहे, बदला. फर्मवेअर म्हणजे त्याला चालवणारी आतली फाइल, एवढं मला कळतं. राउटरच्या पोटावरच्या लेबलवर 'आवृत्ती २' असं दिसलं. इंटरनेटवरून दुसऱ्या आवृत्तीची फाइल शोधली आणि घातली. सगळे दिवे एकदम लागले, मग सगळे गेले. आता एकच नारिंगी दिवा लुकलुकतो.

तुमच्याकडे जुन्या फाइली आहेत म्हणे. 'नवीन राउटर घ्या' हा सल्ला सोडून काहीही लिहा.

नीता कारखानीस

*

मोरा, उरण
२२ ऑक्टोबर

कारखानीसबाई,

तुमचं पत्र वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. शाळेत आमच्या एक बाई होत्या, त्यांची आठवण झाली.

सेतुबंधच्या वाशीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये मी शेवटच्या दिवसापर्यंत होतो. कंपनी बंद झाली तेव्हा सगळ्या सीडी कचऱ्यात चालल्या होत्या. मी त्या पोत्यात भरून घरी आणल्या. आता माळ्यावर आहेत, जाळ्यांच्या शेजारी. माझी बायको वेणू म्हणते, "ताटं ठेवायला जागा नाय, नि तुमच्या चकत्यांना माळा." तिला काय ठाऊक, अख्ख्या कोकणपट्टीत ह्या फाइली कोणाकडे नाहीत. कंपनीच्या वेबसाइटच्या जागी आता कुठलासा पत्त्यांचा जुगार लागतो.

आता तुमचं. ह्या राउटरच्या पाच आवृत्त्या निघाल्या. बाहेरून सारख्या, आतून प्रत्येकीचं काळीज वेगळं. एकीची फाइल दुसरीला घातली की ती गप्प होते. तुमची तशीच झालेली दिसते. लेबल परत बघा. चष्मा लावून.

फोनचं म्हणाल, तर तो मी उचलत नाही. राग मानू नका, पत्रच लिहा.

बळीराम भोईर

*

नवीन पनवेल,
२९ ऑक्टोबर

भोईरसाहेब,

चष्मा लावूनच बघितलं होतं.

दीनानाथ राउटर नेहमी उलटा करून पूजत. वरच्या बाजूला भोकं आहेत, कुंकू आत जायला नको, म्हणून पोटावर. इतक्या वर्षांचं कुंकू, थरावर थर, आणि वरून माझं यंदाचं बोट. आकड्याचा खालचा अर्धा भाग त्याखाली गेला होता. काल ओल्या कापडाने पुसलं. तीन आहे.

एका माणसाच्या भक्तीने आणि दुसऱ्याच्या घाईने यंत्र मारलं, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. पण आधी मला एवढं सांगा, की तिसऱ्या आवृत्तीची फाइल घालून तो उठलाच, तर त्याच्या पोटातलं जुनं नाव आणि पासवर्ड जागेवर असतील का? बाकी काही नसलं तरी चालेल.

नीता कारखानीस

*

मोरा,
६ नोव्हेंबर

बाई,

नाव आणि पासवर्ड वेगळ्या कप्प्यात असतात. रिसेटचं बटण दाबलं नसेल तर असतील. दाबलंत का? नसेल तर आता हात लावू नका, त्यावर चिकटपट्टी लावा.

पण तुमचा प्रश्न मला पटला नाही. नवा राउटर घ्या, त्याला जुनंच नाव द्या, जुनाच पासवर्ड द्या. घरातल्या फोनांना मालक बदलल्याचं कळणारही नाही. पाच मिनिटांचं काम. ते सोडून तुम्ही म्हाताऱ्या पेटीसाठी म्हाताऱ्या माणसाला माळ्यावर चढवताय. वेणूचं मत असं, की पनवेलची नोकरदार माणसं दोरीचा तुकडासुद्धा गुंडाळून ठेवतात. मी तिला म्हटलं तसं नसेल. पण मग कसं आहे?

तिसऱ्या आवृत्तीची सीडी अजून सापडली नाही. पोती चार आहेत.

बळीराम भोईर

*

नवीन पनवेल,
३० नोव्हेंबर

भोईरसाहेब,

उत्तराला उशीर केला. तुमचं पत्र तीनदा फाडावंसं वाटलं.

पासवर्ड मला माहीत नाही. तो फक्त दीनानाथना माहीत होता, आणि ते मागच्या वर्षी फेब्रुवारीत गेले. माझा फोन बटणांचा आहे, बोलण्यापुरता. कॉम्प्युटर तारेने जोडलेला आहे, त्याला पासवर्ड लागत नाही. दीनानाथचा फोन पुतण्याने 'साफ करून' कोणाला तरी देऊन टाकला. म्हणजे तो पासवर्ड आता जगात दोनच ठिकाणी आहे. एक ह्या पेटीत. आणि दुसरा आमच्या मुलाच्या फोनमध्ये.

देवेश सात वर्षांपूर्वी घरातून गेला. पक्की नोकरी सोडून शिवा नावाच्या मित्राबरोबर द्रोणागिरीत कंटेनरचं काम करायचं होतं त्याला. बापलेकांचं वाजलं. दीनानाथ म्हणाले, "मी ये म्हटल्याशिवाय ह्या घरात पाय ठेवायचा नाही." दोघेही एकाच मापाचे. ते कधी ये म्हणाले नाहीत, हा कधी आला नाही. वडिलांना अग्नी दिला आणि स्मशानातूनच परत गेला. मी फोन केला, ये म्हटलं. म्हणाला, "आई, बाबांनी ये म्हटलेलं नाही." आता मेलेल्या माणसाकडून ये कसं म्हणवून घ्यायचं, ते मला शाळेत शिकवलं नव्हतं.

आता ऐका, हसू नका. मला संध्याकाळी राउटरचं पान उघडून बसायची सवय लागली आहे. त्या पानावर, ह्या घडीला कोणकोणते फोन आणि कॉम्प्युटर जोडलेले आहेत, त्यांची नावं दिसतात. बहुतेक वेळा माझ्या कॉम्प्युटरचं एकटं नाव असतं. पण महिन्या-दीड महिन्यातून एकदा, दिवेलागणीला, खाली दुसरं नाव उगवतं. DEVESH. आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो, खाली शिरीषाचं मोठं झाड आहे. तो तिथे येऊन थांबतो. त्याच्या खिशातला फोन आपणहून घर ओळखतो आणि जोडला जातो, त्याच्या ध्यानातही येत नसेल. मी खिडकीत जात नाही. एकदा गेले होते, तर त्याने बाइक चालू केली आणि पुढे कितीतरी महिने फिरकला नाही. तेव्हापासून मी दिवा न लावता कॉम्प्युटरपुढे बसते. सुकापूरच्या बाजूने चुलीचा धूर येतो, पाखरं शिरीषावर बसायला भांडतात, आणि पडद्यावर ते नाव, तळ्यात मासा वर यावा तसं. थोडा वेळ राहतं. मग जातं. मी उठून भात लावते.

आता तो आला, तरी मला कळत नाही. तो आला की नाही, हेच कळत नाही. दसऱ्यापासून त्याच्या फोनलाही हे घर सापडत नसेल. त्याला वाटेल, आईने कुलूप बदललं.

दोरीचे तुकडे मी गुंडाळून ठेवत नाही. वेणूताईंना सांगा.

नीता कारखानीस

*

मोरा,
८ डिसेंबर

नीताताई,

तुमचं पत्र वेणूला वाचून दाखवलं. ती पदर खोचून स्वतः माळ्यावर चढली. सीडी चौथ्या पोत्यात, लग्नाच्या व्हिडिओच्या डब्यात होती. कोणाचं लग्न ते कळलं नाही.

मी फोन का उचलत नाही, हे मागे लिहिलं नव्हतं. मला ऐकू येत नाही. सर्व्हिस सेंटरमध्ये होतो तेव्हापासून कमी होत गेलं, आता भाऊच्या धक्क्याची लाँच मोऱ्याला लागली, तर भोंग्याने पाण्यावर पडलेली थरथर तेवढी दिसते. लोकांना सांगायला बरं वाटत नाही. तुम्ही एवढं सांगितलंत, म्हणून सांगितलं.

फाइल सोबतच्या पेनड्राइव्हमध्ये आहे. आता करायचं काय ते. राउटर मेलेला नाही, झोपेत अडकला आहे. वीज दिली की जाग येता येता क्षणभर त्याचे कान उघडे असतात. आधी तो बाहेर ऐकतो, कोणी हाक मारतंय का. कोणी नसलं की आतली फाइल चालवायला जातो, आणि तुमची फाइल चुकीची, म्हणून पडतो. तेवढ्या क्षणात तारेतून आपली फाइल त्याच्या कानात घालायची. आधी कॉम्प्युटरवर माझा प्रोग्राम चालू करून ठेवा, तो सतत हाका मारत राहील. मग राउटरचं बटण चालू करा. पहिल्या वेळी लागणार नाही. बंद करा, पुन्हा करा. नारिंगी दिवा हिरवा होईपर्यंत वायरला हात लावू नका. वीज गेली तर सगळं गेलं, म्हणून इन्व्हर्टरवर करा.

रिसेटला हात नाही.

बळीराम

*

नवीन पनवेल,
२१ डिसेंबर

बळीरामभाऊ,

झालं. आठवड्याभराच्या प्रयत्नांनी. कॉम्प्युटर हाका मारतोय आणि मी बटण दाबतेय, सोडतेय, शेजारच्या सुनीताने दारातून विचारलं, "काकू, मिक्सर बिघडला का?" मी म्हटलं, हो. आज दुपारी दिवा हिरवा झाला. मी वायरकडे बघायचीसुद्धा थांबले, न जाणो.

पान उघडलं. नाव तेच, दीनानाथने दिलेलं, DINANATH. स्वतःचं नाव द्यायला माणसाला लाज कशी वाटली नाही, असं मी तेव्हा म्हणाले होते. आतल्या एका चौकटीत, जिथे मी पूर्वी कधी गेले नव्हते, पासवर्ड उघडा दिसतो: morachilaunch. मोऱ्याची लाँच. देवेश लहान असताना हे दोघे रविवारी मोऱ्याला यायचे, लाँचने भाऊच्या धक्क्याला जायचे आणि तिथे न उतरता तसेच परत यायचे. मी विचारायची, मुंबईला जाऊन काय पाहिलंत? देवेश सांगायचा, पाणी.

आणि आज संध्याकाळीच तो आला. मी अंधारात बसले होते. धुकं होतं, विमानतळाचे दिवे धुक्यात विरघळलेले. पडद्यावर तो हळूच वर आला. DEVESH. पुढे त्याच्या फोनच्या मॉडेलचा नंबर. तो नंबर मी पूर्वी कधी वाचला नव्हता, आज सगळंच डोळे भरून वाचलं. वेगळ्या चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवला आहे. बराच वेळ होता तो आज. तो काही ऐकत असेल तर मी घरात चमचा पडू दिला नाही.

मग गेला.

उपकार शब्द मला आवडत नाही. वेणूताईंना सुका जवळा कसा टिकवतात ते विचारून कळवा, मी आणलेला नेहमी मऊ पडतो.

नीता

*

मोरा,
३० डिसेंबर

नीताताई,

जवळा उन्हात आणखी एकदा दे, मग बरणीत तळाशी कोरडी मिरची घाल, असं वेणूने सांगितलं. बरणीला ओला हात नको.

आता दुसरं. हे लिहावं की नको, ह्याचा मी बराच विचार केला. वेणू म्हणाली, "लिवा. तिचं तिला कळू दे."

तुम्हाला वाटतं, देवेशचा फोन स्वतःचं नाव सांगतो. सेतुबंधच्या राउटरवर तसं होत नाही. फोन फक्त मॉडेलचा नंबर सांगतो. त्याच्यापुढे नाव हवं असेल, तर ते घरातल्या कोणीतरी कॉम्प्युटरवर बसून, त्या पानावर हाताने टाइप करावं लागतं. तुम्ही केलंत का? नसेल केलं, तर तुमच्या घरात ते करणारा एकच माणूस होता.

आणि तुम्ही पाठवलेलं मॉडेल मी ओळखतो. तो फोन बाजारात येऊन तीन वर्षं झाली असतील. मुलगा गेला सात वर्षांपूर्वी. म्हणजे हा फोन त्याने नंतर घेतला. नव्या फोनला घराचा पासवर्ड आपोआप कळत नाही. तो तुमच्या झाडाखाली उभा राहिला आणि मोऱ्याची लाँच त्याने स्वतःच्या बोटांनी लिहिली. वर दीनानाथरावांना एक अनोळखी फोन जोडलेला दिसला. पासवर्ड कोणाला माहीत आहे, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी तो तोडला नाही. त्याच्यापुढे नाव लिहिलं.

तुमच्या आधी त्या खुर्चीवर कोणीतरी बसत होतं, ताई.

बळीराम

*

नवीन पनवेल,
११ जानेवारी २०२६

बळीरामभाऊ,

ते म्हणायचे, जरा क्रिकेटचा स्कोअर बघतो. दिवेलागणीला. मी म्हणायची, दिवा तरी लावा, डोळे जातील.

मला राग आला आहे आणि कोणावर काढायचा ते समजत नाही. बोट उचलून नाव लिहिता येत होतं, मग तेच बोट फोनवर का फिरवता येत नव्हतं? एका घरात, एका खोलीत, मला न सांगता. मी ह्या माणसाबरोबर सत्तेचाळीस वर्षं राहिले.

असो. मला राउटरचं नाव बदलायचं आहे. कसं बदलायचं ते कळवा. देवनागरी चालेल का तेही.

नीता

*

मोरा,
१७ जानेवारी

ताई,

देवनागरी चालत नाही, इंग्रजी अक्षरं घालावी लागतील, बत्तीस मावतात. पान उघडल्यावर पहिल्याच चौकटीत नाव आहे. पुसा, नवं लिहा, खालचं बटण दाबा.

पण थांबा. नाव बदललं की मुलाचा फोन ते घर ओळखणार नाही. आपोआप जोडला जाणार नाही. तुमच्या पानावर तो दिसायचा बंद होईल. माझ्या माळ्यावरच्या कुठल्याही फाइलने ते परत जुळणार नाही. त्याला निरोप लिहायचा असेल, तर दुसरा राउटर विकत घ्या, त्याला नवं नाव द्या, आणि दीनानाथ आहे तसा ठेवा. मी माझा एक पाठवतो, फुकट पडलाय.

बळीराम

*

नवीन पनवेल,
२४ जानेवारी

बळीरामभाऊ,

राउटर पाठवू नका. तुमच्यासारख्या जाणत्या माणसाला हे कळू नये? जुनं नाव जागेवर असलं, की त्याचा फोन खिशातल्या खिशात जोडला जाणार. तो फोन बाहेर काढणारच नाही. शेजारी मी सोन्याच्या अक्षरांत निरोप लावला तरी तो वाचणार कधी? घर सापडलं नाही, तरच माणूस खिशातून फोन काढतो आणि आजूबाजूला कोणती नावं दिसतात ते बघतो.

मी दोन दिवस त्या पानासमोर बसले. खरं सांगायचं तर मला ते तळं आवडू लागलं होतं. तो खाली, मी वर, मध्ये शिरीषाची पानं मिटलेली. काही विचारायचं नाही, काही सांगायचं नाही. दीनानाथना ह्याचीच सवय लागली असणार. असं आयुष्य काढता येतं, त्यांनी काढलंच. पण ते एके दिवशी खुर्चीतून उठले आणि नाव तिथेच राहिलं. मीही उठेन. मग ते नाव एका रिकाम्या घराला दिसत राहील.

दुसऱ्याच्या नावाने लिहिणं आमच्या शाळेत मोठा गुन्हा होता. पण देवेशच्या नावापुढे बसून त्यांनी जे केलं, त्याचा दुसरा काही अर्थ मला लागत नाही. त्यांना म्हणायचं होतं ते मी फक्त पुरं केलं आहे. काल संध्याकाळी नाव बदललं:

DINANATH MHANTAT VAR YE

दीनानाथ म्हणतात, वर ये. बत्तीसच्या आत बसलं.

बटण दाबल्यावर पान एकदा पांढरं झालं आणि परत आलं. आता त्यावर माझा कॉम्प्युटर एकटा आहे. कालपासून तो येऊन गेला का, मला सांगता येणार नाही. मी दिवा लावून बसते.

नीता

*

नवीन पनवेल,
१७ फेब्रुवारी

बळीरामभाऊ,

छोटंच लिहिते, कुकर लावला आहे.

परवा संध्याकाळी बेल वाजली. मला वाटलं सुनीता, विरजण मागायला. दार उघडलं. देवेश. केस पांढरे झालेत त्याचे, मला कोणी सांगितलं नव्हतं. हातात फोन, तो माझ्यापुढे धरलेला. आम्ही दोघेही त्या फोनकडेच बघत होतो. मग म्हणाला, "आई, वायफाय लागत नाहीये."

मी म्हटलं, "चपला बाहेर काढ."

त्याने उंबऱ्याकडे एकदा बघितलं आणि आत आला. चहा प्यायला. पासवर्ड विचारला नाही, स्वतःच घातला. मी त्याला त्या खुर्चीत बसवलं आणि ते पान दाखवलं, त्याच्या फोनपुढे DEVESH कोणी लिहिलं होतं तेही सांगितलं. तो नुसता त्या टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. येत्या रविवारी मला मोऱ्याला घेऊन जाणार म्हणतो. लाँचने धक्क्याला जायचं, आणि उतरायचं नाही. जाता येता तुमच्या दारावरून जाऊ. ओरडून बोलण्याचा मला सराव आहे, काळजी करू नका. वेणूताईंना सांगा, जवळा कुरकुरीत राहिला आहे, थोडा आणते.

राउटरचं नाव बदलल्यावर त्याचा फोन पानाला नवाच वाटला, नुसता नंबर म्हणून दिसत होता. तो कप ठेवायला स्वयंपाकघरात गेला तेव्हा मी खुर्चीत बसले आणि नंबरापुढे एका बोटाने टाइप केलं, DEVESH. वेळ लागतो हो ह्याला. एवढा वेळ तो माणूस माझ्या पाठीमागे बसून हेच करत होता, आणि मी दिवा लावा म्हणत होते.

दसऱ्याला कुंकू आता पोटावर नाही. शिंगांना लावीन.

नीता